आधी गालिचा उचला

नमस्कार,

गळाने मासे धरायचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे, पण आजवर सगळं काठावरूनच. आता एखादी जुनी ॲल्युमिनियमची बोट घेऊन ती स्वतः दुरुस्त करावी आणि आपल्या सोयीने सजवावी असं मनात आहे. पाणी म्हणाल तर बहुतेक वेळा तळं, कधीमधी शांत खाडी. बरोबर मुलगा असेल, कधी मेहुणे.

दोन बोटी बघून ठेवल्या आहेत. दोन्ही 14 फुटी, सपाट तळाच्या. पहिलीचा तळ 36 इंच रुंद. नवा रंग, आत गालिचा, पुढे उंच डेक, फिरत्या खुर्च्या, दिवे. दुसरीचा तळ 48 इंच. रंग उडालेला, तळाला दोन पोचे, मागची लाकडी फळी काळी पडलेली. आत तीन आडवी बाकं, बाकी काही नाही. दिवसभरात बादलीभर पाणी आत येतं असं मालकच सांगतो. मेहुणे म्हणतात पहिली घ्या, निम्मं काम झालेलंच आहे. त्यांच्याकडे 25 अश्वशक्तीची मोटर पडून आहे, तीही द्यायला ते तयार आहेत.

कोणती घेऊ? दुसरी घेतली तर मधलं बाक कापून सपाट डेक करता येईल का? डेकला प्लायवूड वापरू की ॲल्युमिनियमचा पत्रा? आणि रंगाचं काय?

– दोन होड्यांवर पाय ठेवून उभा

नमस्कार,

दुसरी घ्या. तिच्यावर माझं प्रेम बसलंय अशातला भाग नाही. तिच्यात काय बिघडलंय ते तुम्ही एका परिच्छेदात सांगू शकलात, एवढं एकच कारण. पहिलीबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते सगळं नंतर बसवलेलं सामान आहे. तिचा पत्रा कसा आहे, रिव्हेट (पत्रे जोडणारे, दोन्हीकडून ठोकून बसवलेले खिळे) कसे आहेत, मागची फळी कुजलीय का, यातलं काहीच पत्रात नाही. कसं असेल? गालिच्याखाली कोणाला दिसणार? ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ हे जुन्या बोटींच्या बाजारात फार वेळा खरं ठरतं. आणि आपल्याला जी दुरुस्ती करायची आहे तिच्यातला निम्मा वेळ दुसऱ्याने केलेलं काम उचकटण्यात जातो. मेहुण्यांचं ‘निम्मं काम झालंय’ हे मी म्हणूनच ‘निम्मं काम वाढलंय’ असं वाचतो.

गालिच्याबद्दल माझा राग कशासाठी, ते सांगतो. ॲल्युमिनियम हवेत उघडं राहिलं की त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो, आणि तोच धातूचं रक्षण करतो. खरवडला तर तो पुन्हा तयार होतो, पण त्यासाठी ऑक्सिजन लागतो. पत्र्याला ओला गालिचा, ओला फोम किंवा चिखल महिनोन्‌महिने चिकटून राहिला की तिथे हवा पोचत नाही, ओल मात्र कायम असते. मग पत्र्यावर पांढरी भुकटी धरते, आणि ती खरवडली की खाली सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसतात. सपाट तळाच्या लहान बोटींचा पत्रा बहुधा 1.6 ते 2.5 मिलिमीटर जाड असतो. एवढ्या पत्र्यात खड्डा किती खोल जाऊ शकतो याचा हिशेब तुम्हीच करा. त्यात मागच्या मालकाने डेकखाली कीड लागू नये म्हणून औषध मारलेलं हिरवट लाकूड वापरलं असेल तर आणखी वाईट, कारण त्या औषधात बहुधा तांबं असतं. तांबं, पाणी आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की झीज नेहमी ॲल्युमिनियमची होते. तळाशी विसरून राहिलेलं एखादं तांब्याचं नाणं, पितळेचा स्क्रू, शिशाची वजनंसुद्धा हेच काम करतात. मासेमारीच्या बोटीत शिशाची वजनं सांडत नाहीत असा दिवस नसतो.

तरीही मेहुण्यांच्या मनासाठी पहिली बोट पुन्हा बघायला गेलातच, तर मालकाला एकच विनंती करा: मागच्या कोपऱ्यातला गालिचा हातभर उचलू द्या, आणि डेकची एक फळी काढू द्या. बोटीचं बूच असतं तिथे, म्हणजे सगळ्यात मागे आणि सगळ्यात खाली, ओल जमते. तिथला पत्रा स्वच्छ असेल तर पुढे बोला. मालक आढेवेढे घेऊ लागला तर नमस्कार करून घरी या.

अडचण गालिच्यावर संपत नाही. 36 इंची तळावर उंच डेक आणि त्यावर फिरती खुर्ची, हे मला कागदावरसुद्धा पटत नाही. अशा बोटींच्या नावातच पुष्कळदा माप असतं: 1436 म्हणजे 14 फूट लांब, तळ 36 इंच, 1448 म्हणजे तळ 48 इंच. बारा इंचांचा हा फरक उभं राहून गळ फेकताना पायाखाली जाणवतो. अरुंद बोटीत बसून मासे धरावेत. तिच्यात फूटभर उंच डेक करून वर उभं राहिलं, की तुमचा सगळा भार वर जातो आणि मुलगा एका कडेला मासा बघायला वाकला की बोट त्याच बाजूला कलंडते. रंग बदलता येतो, फळी बदलता येते, तळाची रुंदी बदलता येत नाही.

तर मग दुसरी. पण मालक सांगतो तेवढंच बिघडलंय की आणखी काही, ते तपासून घ्यायचं. पाण्याची नळी, रंगीत खडू, हातोडी, टोच्या आणि एक सरळ पट्टी एवढं बरोबर न्या.

बादलीभर पाण्याला घाबरू नका. रिव्हेटच्या जुन्या बोटी थोड्याफार गळतातच. वर्षानुवर्षं तळ लाटांवर आपटतो, रिव्हेट किंचित सैल होतात आणि त्यांच्या कडेने थेंब थेंब पाणी येतं. ते कुठून येतं हे शोधायची उत्तम रीत उलटी आहे: बोट कोरड्या जागी ठेवून पाणी आत भरायचं आणि बाहेरून बघायचं. मात्र भसाभस भरू नका. 14 फूट लांब, 4 फूट रुंद तळात चार इंच पाणी म्हणजे पाचशे किलोंहून जास्त भार. बोट पाण्यात तरंगताना तिला सगळीकडून आधार असतो; ट्रेलरच्या दोन आडव्या दांड्यांवर तो नसतो. तळाला चार-पाच ठिकाणी लाकडी ठोकळे द्या आणि दोन इंच पाणी पुरे. मग तिच्याखाली आडवे पडा आणि दहा मिनिटं काही करू नका. आधी सगळं कोरडं दिसतं. मग एखाद्या रिव्हेटच्या डोक्याभोवती ओलसर कडं उमटतं, त्याचा थेंब होतो, तो लोंबतो आणि पडतो. कुठे मिनिटाला एक, कुठे सलग धार. प्रत्येकाभोवती खडूने गोल काढा. धार असेल तिथे दोन गोल. शेवटी बोट थोडी पुढे आणि थोडी मागे कलती करून तेच बघा, कारण पुढच्या वळणावरचे रिव्हेट सपाट असताना कोरडेच राहतात.

गोल मोजल्यावर ठरवा. ते एका-दोन बरगड्यांच्या, म्हणजे पत्र्याला आतून जोडलेल्या आधाराच्या पट्ट्यांच्या, ओळीत असतील तर काम सोपं: बाहेरून रिव्हेटच्या डोक्याला लोखंडी ठोकळा दाबून धरायचा आणि आतून हातोडीने शेपूट पुन्हा ठोकायची. दोन माणसं लागतात. मुलाला इथेच कामाला लावा. जो रिव्हेट ठोकूनही हलतो तो ड्रिलने काढून, भोक सीलंटने भरून, एक माप जाड रिव्हेट मारायचा. नवा रिव्हेट ॲल्युमिनियमचाच, आणि पॉप रिव्हेट (एकाच बाजूने अवजाराने ओढून बसवतात तो) मारणार असाल तर बंद तोंडाचा. साध्या पॉप रिव्हेटच्या मधून पाणी येतं, शिवाय त्यात पोलादी खिळ्याचा तुकडा अडकून राहतो आणि गंजतो. गळणारा रिव्हेट वेल्डिंगने बुजवून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि त्याच्यावरचा ऑक्साइड सुमारे 2,070 अंशांना. पातळ पत्र्यावर या दोन्हींचा मेळ घालणं कसलेल्या हाताचं काम आहे. एक रिव्हेट बंद करायला जाऊन पत्रा वाकडा होतो आणि शेजारचे चार रिव्हेट उष्णतेने सैल होतात. तळात सगळीकडे गोलच गोल निघाले तर मात्र ती बोट सोडा. सगळे रिव्हेट बदलणं शक्य आहे, पण मग मासे धरायचे कधी?

पोच्यांकडे बघताना डोळ्यांपेक्षा बोटं वापरा. गोलसर, उथळ पोचा म्हणजे दगडाची आठवण. तो तसाच राहिला तरी बिघडत नाही. हाताचं बोट फिरवताना धारदार कड लागली, घडी पडल्यासारखं वाटलं, तर तिथे पत्रा ताणला गेलाय. आतून नीट बघा, केसासारखी बारीक चीर आहे का. चिरा आणखी कुठे असतात? बाकाच्या टोकांना, बरगड्यांच्या टोकांना, मागच्या फळीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत, आणि ट्रेलरचे रूळ जिथे टेकतात तिथे. एखादी छोटी चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं की ती पुढे सरकत नाही. मग वरून सीलंट लावून पत्र्याचं ठिगळ रिव्हेटने बसवता येतं. चार ठिकाणी चिरा दिसल्या तर धातू थकलाय असं समजा.

तळाचा मागचा चार-पाच फुटांचा भाग सरळ पट्टी लावून तपासायला विसरू नका. पट्टीची दोन्ही टोकं टेकली आणि मध्ये फट राहिली, म्हणजे तळ आत गेलाय. अशी बोट वेगात नाक खाली घालते. उलट तळाला पोट आलं असेल तर ती वेगात नाक वरखाली करत घोड्यासारखी उड्या मारते. रंगकाम करून हे दोष जात नाहीत, आणि जाहिरातीत ते कोणी लिहीत नाही. ट्रेलरवर वर्षानुवर्षं चुकीच्या जागी टेकून पडलेल्या बोटीत ते असतात. अगदी सावकाश वल्हवायचं असेल तर चालून जाईल. मोटर लावायची असेल तर नाही.

आता ती काळी फळी. मोटर अडकवतात त्या मागच्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. बाहेरून ॲल्युमिनियम आणि आतून प्लायवूड अशी तिची रचना असते. हातोडीने ठोकत जा. टणक आवाज येतो तिथे लाकूड आहे. भद्द आवाज आला की समजा तिथे आता फक्त भुसा उरलाय. एखादा बोल्ट सैल करून काढला आणि त्याच्याबरोबर काळं पाणी किंवा चहाच्या चोथ्यासारखं काही आलं तर टोच्या वापरायचीही गरज नाही. तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून ती कुजलेलीच असणार, आणि तरीही मी ती घ्या म्हणतोय. उघड्या बोटीत ही फळी बदलणं हे सगळ्या दुरुस्तीतलं समाधानाचं काम आहे: बोल्ट काढा, कोपऱ्यांवरच्या टोप्या काढा, जुनी फळी शक्यतो अखंड बाहेर ओढा, तिच्यावरून माप घ्या. 18 मिलिमीटरचे दोन थर चिकटवले की साधारण दीड इंची फळी होते. जुनीची जाडी मोजून तेवढीच करा. प्लायवूड मरीन दर्जाचं, औषध न मारलेलं. कडा आणि प्रत्येक बोल्टचं भोक एपॉक्सीने (दोन भाग मिसळले की कडक होणारं चिकट रसायन) दोन-तीन हात देऊन बंद करा, कारण पाणी शिरतं ते कडांतून आणि भोकांतून. पहिल्या बोटीत हेच काम करायला तुम्हाला आधी डेक, गालिचा आणि वायरी काढाव्या लागतील.

मोटरचा विषय याच फळीशी येतो, म्हणून मेहुण्यांचं इथेच उरकतो. बोटीच्या आत, बहुधा मागच्या बाजूला, निर्मात्याने ठोकलेली एक छोटी पट्टी असते. किती माणसं, किती वजन आणि किती अश्वशक्ती चालेल ते तीवर लिहिलेलं असतं. त्यावर 15 असेल तर मेहुण्यांची 25ची मोटर नको, कितीही प्रेमाने दिली तरी. जास्त ताकद म्हणजे जास्त वजन अगदी मागच्या कडेला, आणि ती ताकद पेलायची त्या फळीने. पट्टीच नसेल तर अमेरिकेच्या तटरक्षक दलाचं एक ढोबळ गणित माणसांपुरतं कामाला येतं: बोटीची लांबी गुणिले वरची कमाल रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले 15. 14 फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद बोटीला पाच माणसं येतात. हे शांत पाण्यातलं आणि मूळ स्थितीतल्या बोटीचं गणित आहे. तुम्ही डेक, बॅटरी आणि खुर्च्या टाकल्या की माणसं कमी धरायची. अश्वशक्ती पट्टीवरच्या आकड्यात बसत असली तरी ट्रान्समची उंची मोजा. ती साधारण 15 इंच असेल तर आखूड दांड्याची मोटर लागते, 20 इंच असेल तर लांब दांड्याची. मेहुण्यांची मोटर लांब दांड्याची आणि बोट 15 इंचांची असेल तर पंखा नको तेवढा खाली लटकेल आणि उथळ पाण्यात प्रत्येक दगडाची भेट घेत जाईल.

मधल्या बाकाचा तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण नव्याने सजवणारे सगळे याच बाकावर करवत घेऊन चढतात. ते बाक निव्वळ बसायला नसतं. ते दोन्ही बाजूंना धरून ठेवतं. काढलं की बाजू बाहेर पसरतात, तळ लवचिक होतो आणि आत्ता कोरडे असलेले रिव्हेट पुढच्या हंगामात गळू लागतात. दुसरं, त्या बाकाच्या पोटात फोम असतो, आणि बोट पाण्याने भरली तरी बुडू नये ही त्याची नोकरी असते. एक घनफूट बंद पेशींचा फोम स्वतः किलोभर वजनाचा असतो आणि पाण्यात सुमारे 27 किलो भार तोलून धरतो. ॲल्युमिनियम पाण्यात स्वतःच्या वजनाच्या साधारण 63 टक्के ओढ लावतं, म्हणजे 100 किलोच्या रिकाम्या बोटीला तरंगत ठेवायलाच अडीच घनफूट फोम लागतो. मोटर, बॅटरी आणि माणसं त्याच्या वर.

तरीही सपाट जागा हवीच असेल तर अशी करा. पुढचं आणि मागचं बाक तसंच ठेवा. पुढच्या बाकापासून नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत, बाकाच्याच उंचीचा डेक करा. तुमच्या 48 इंची तळावर तो चालेल. मधलं बाक काढायचंच ठरलं तर आधी त्या जागी तळाला आडवी ॲल्युमिनियमची चौकोनी नळी आणि दोन्ही बाजूंना उभे कोन बसवा, ते बाजूच्या बरगड्यांना घट्ट जोडा, आणि नंतरच बाकाचे रिव्हेट काढा. जेवढा फोम निघेल तेवढा डेकच्या खाली परत गेला पाहिजे. जुना फोम परत वापरण्याआधी एक तुकडा कापून पिळा. पाणी निघालं तर तो टाकून द्या; पाण्याने भरलेला फोम तरंगवत नाही आणि आयुष्यभर वजन वाहायला लावतो. नवा घेताना पेट्रोलची टाकी जवळ असेल तिथे पॉलिस्टायरिनचा पांढरा थर्मोकोल वापरू नका, पेट्रोल सांडलं तर तो विरघळतो. स्वतः मी मधलं बाक ठेवेन. मुलगा बरोबर येणार आहे, त्याला बसायला जागा हवीच.

डेकसाठी प्लायवूड की पत्रा? लोकांना वाटतं ॲल्युमिनियम नेहमीच हलकं. तसं नाही. 8 बाय 4 फुटांचा 12 मिलिमीटरचा प्लाय साधारण 18 ते 20 किलो भरतो. त्याच मापाचा 3 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा 24 किलो. पण पत्रा दहा वर्षांनीही 24 किलोच असतो, प्लायचं वजन मात्र पाऊस ठरवतो. पत्रा 2 मिलिमीटरचा घेतला तर 16 किलोंत भागतं, फक्त खालच्या आधाराच्या पट्ट्या जवळजवळ लावाव्या लागतात, नाहीतर पायाखाली डबा वाजल्यासारखा वाजतो, आणि मासे ते ऐकतात. सुतारकाम येत असेल तर प्लाय घ्या, चारी कडा एपॉक्सीने बंद करा, वर गालिच्याऐवजी न घसरणारा रंग द्या. धातूकाम जमत असेल तर पत्रा. तो घेताना 5052 जातीचा मागा. त्यात मॅग्नेशियम असतं आणि पाण्याजवळ तो टिकतो. स्क्रू स्टेनलेसचे वापरायला हरकत नाही, पण प्रत्येकाखाली नायलॉनचा वॉशर आणि थोडं सीलंट, म्हणजे दोन धातूंची थेट गाठ पडत नाही. खाडीत जाणार आहात म्हणून हे आणखी महत्त्वाचं. मोटरच्या पायावरचा बळीचा धातूही, म्हणजे ॲनोडही, पाण्याप्रमाणे बदलतो: खाऱ्या पाण्यात जस्त, गोड्यात मॅग्नेशियम, आणि दोन्हीकडे जाणाऱ्याने ॲल्युमिनियमचा लावावा. प्रत्येक फेरीनंतर बोट गोड्या पाण्याने धुऊन, बूच काढून, पुढून उंच करून ठेवायची.

दिवे आणि पंप बसवताना एक गोष्ट गाडीसारखी करू नका. गाडीत बॅटरीचं ऋण टोक सरळ पत्र्याला जोडतात. इथे ते बोटीला कुठेही जोडायचं नाही. प्रत्येक दिव्याला दोन वायरी, दोन्ही फ्यूजच्या पेटीपर्यंत. पत्र्यातून वीज झिरपू लागली तर ती ॲल्युमिनियमला ज्या वेगाने खाते त्यापुढे मीठ काहीच नाही.

रंगाचं ऐका. ॲल्युमिनियमला रंगाची गरज नाही. उघडं ठेवलंत तरी ते तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल. हौस म्हणून लावायचा असेल तर साबणाने चरबी काढा, नायलॉनच्या खरखरीत पॅडने घासा, आणि ॲल्युमिनियमसाठीच असलेला प्रायमर त्याच दिवशी लावा. ऑक्साइड वाट बघत बसत नाही. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि मग ॲल्युमिनियमवर गंजाचे डाग येतात. जुना रंग शिशाचा असू शकतो, म्हणून तो ओला करून आणि नाकाला चांगला मास्क लावूनच घासा, आणि मुलाला त्या दिवशी लांब ठेवा. तळाला शेवाळ धरू नये म्हणून लावतात तो तांब्याचा रंग या बोटीला कधीही लावायचा नाही. वर तांब्याबद्दल सांगितलं ते आठवा. आतून फिकट रंग द्या. गडद रंगाचा पत्रा दुपारी पाय भाजतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: बोटीचा क्रमांक सहसा ट्रान्समच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात कोरलेला असतो. तो कागदावरच्या क्रमांकाशी जुळवा. खाडाखोड दिसली तर बोट कितीही चांगली असली तरी नको. ट्रेलर बरोबर मिळणार असेल तर त्याचे कागद वेगळे मागा.

आणि आता उतावळेपणाला थोडा लगाम. रिव्हेट आणि फळी झाली की डेकचं सामान आणायच्या आधी बोट तशीच उथळ, शांत पाण्यात घाला. वीस लिटरचे पाण्याचे डबे घ्या. एक डबा म्हणजे वीस किलो. डेक जिथे येणार तिथे त्याच्या वजनाचे डबे ठेवा, बॅटरीच्या जागी बॅटरीएवढे, मोटर नसेल तर मागे मोटरएवढे. तुम्ही, मुलगा आणि मेहुणे आपापल्या ठरलेल्या जागी बसा. कोणीतरी काठावरून बघून ट्रान्समची वरची कड जिथे सगळ्यात खाली आहे तिथपासून पाणी किती इंच खाली आहे ते मोजू द्या. मग तिघं एका बाजूला सरका आणि बाजूच्या कडेचं तेच माप घ्या. बॅटरी पुढच्या डेकखाली नेली की मागची बाजू किती उचलली जाते तेही तेव्हाच कळेल, आणि वायर किती लांब घ्यायची ते ठरेल. ही मापं आणि डेकचा कच्चा आराखडा मला पाठवा. झाकणं कुठे ठेवायची आणि गळांच्या दांड्यांना कप्पा कोणत्या बाजूला करायचा, ते आकडे बघून सांगतो.